बीपीटीएचला ‘अभ्यास कमी असतो’ हे खरं आहे का?

परभणीची_ताई
धाकट्या भावाचे नीटचे मार्क एमबीबीएसपुरते नाहीत. आता घरात बीपीटीएचचं, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीचं, बोलणं चाललंय. पाहुणे एकेक सांगायलेत : मालीश तर असते, अभ्यास कमी, लगेच दवाखाना टाकता येतो. काही जण म्हणायलेत, पोरगं किडकिडीत, त्याला पेशंट उचलणं जमायचं नाही. पसंतीक्रम भरायच्या आत जाणकारांनी खरं काय ते सांगावं.

गोनिओमीटर
ताई, अभ्यास कमी हा समज पहिल्याच वर्षी मोडतो. अॅनाटॉमी (शरीराची रचना), फिजिऑलॉजी (शरीराचं काम) आणि त्यात बायोमेकॅनिक्स (हालचालींमागचं बळांचं गणित). स्नायूचं नाव पाठ करून भागत नाही. तो कोणत्या हाडावरून निघतो, कुठं चिकटतो, नस कोणती, काम काय, हे सगळं लागतं. नीटला चार पर्याय समोर असतात, इथं आकृतीसकट पानभर लिहायचं असतं. लातूर पॅटर्नमध्ये तयार झालेली हुशार पोरंही नेमकी या लिहिण्यात मागं पडतात, कारण दोन वर्षं नुसते गोळे रंगवलेले असतात. पुढं पॅथॉलॉजी (रोगांचं शास्त्र), ऑर्थो (हाडं-सांधे), न्यूरो (मेंदू आणि नसा), हृदय-फुप्फुसाचे आजार.

मालीश हा या सगळ्यातला छोटासा तुकडा. खरं काम मोजमापाचं. गुडघा किती वाकतो हे बघताना गोनिओमीटरचा (सांध्याचा कोन मोजायचं दोन दांड्यांचं साधन) मध्य मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला, बाहेरच्या उंचवट्यावर ठेवायचा. एक दांडी खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्याच्या रेषेत, दुसरी बाहेरच्या घोट्याच्या रेषेत. निरोगी गुडघा साधारण १३५ अंश वाकतो. मध्य थोडा सरकला तरी पाच-दहा अंश सहज चुकतात, आणि मग पेशंट सुधारतोय की जागेवरच आहे हे कळत नाही.

मशीनचंही तसंच. उपचाराचा अल्ट्रासाउंड (सोनोग्राफी नव्हे) १ मेगाहर्ट्झला खोलवर जातो, ३ ला वरवर. जेल कमी पडलं किंवा मशीनचं हेड (अंगावर फिरवायचा भाग) एकाच जागी धरलं तर हाडाजवळ कळ येते, भाजूही शकतं. गरोदर बाईच्या पोटावर, कॅन्सरच्या गाठीवर तो लावतच नाहीत. बटण दाबणं दोन दिवसांत येतं. कधी दाबायचं नाही, ते शिकायला वर्षं लागतात.

वॉर्ड_नंबर_४
किडकिडीत असण्याचं बोलतो. ताकदीपेक्षा पद्धत मोठी. लकवा मारलेल्या माणसाला पलंगावरून व्हीलचेअरवर घ्यायचं तर खुर्ची त्याच्या चांगल्या बाजूला, तिरकी लावायची. ब्रेक लावायचे, पायपट्ट्या वर करायच्या. पेशंटला कडेला सरकवून पाय जमिनीला टेकवायचे, पुढं वाकायला सांगायचं. आपण गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून, त्याच्या कमरेच्या पट्ट्याला धरायचं. दुबळा हात धरून ओढला की खांदा निखळायला लागतो. घरचे लोक प्रेमानं हीच चूक करतात. वजन फारच असेल तर दोघांनी मिळून करायचं, त्यात कमीपणा नाही.

बळापेक्षा धीर जास्त लागतो. तेच वाक्य दिवसातून वीसदा, त्याच मायेनं बोलावं लागतं.

बीडकर_पीटी
आणखी एक समज : फिजिओ म्हणजे क्रिकेट टीमबरोबर फिरणं. आपल्याकडच्या ओपीडीत बहुतेक गुडघे, कंबर, लकवा, शुगरवाल्यांचे आखडलेले खांदे आणि सेरेब्रल पाल्सीची (मेंदूला इजा होऊन हालचाल अडलेली) लेकरं. बीड भागात ऊसतोडीहून परतलेल्यांच्या कंबरा असतात. त्यांना ‘वाकू नका’ सांगून काय उपयोग? पोट भरायचं असतं. मोळी अंगाजवळ कशी धरायची, कमरेतून पिळण्याऐवजी पाय फिरवून कसं वळायचं, हे दाखवावं लागतं. आठ व्यायाम लिहून दिले तर एकही होत नाही. दोन द्यायचे, आपल्यासमोर करून घ्यायचे.

नियमांचं थोडक्यात : प्रवेश नीटच्या मार्कांवर, राज्याच्या सीईटी सेलकडून (प्रवेश प्रक्रिया चालवणारा सरकारी कक्ष). आजवर चार वर्षं अभ्यास आणि सहा महिने इंटर्नशिप असं चालत आलंय. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानंतर आलेल्या नव्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप वर्षाची आहे, म्हणून यंदाचीच माहितीपुस्तिका वाचा. फिजिओथेरपिस्टांची नोंदणी करणाऱ्या परिषदेच्या नोंदणीशिवाय दवाखाना टाकता येत नाही. गोळ्या-इंजेक्शन लिहिता येत नाहीत. इथून एमबीबीएसला मधूनच शिरायची वाट नाही. ती आशा धरून येणारी पोरं दुसऱ्या वर्षापर्यंत खचतात, हे बघवत नाही.

परभणीची_ताई
मनापासून आभार. कॉलेज बघायला गेल्यावर काय विचारावं?

गोनिओमीटर
इमारत बघू नका. सकाळी दहाला ओपीडीत जाऊन बसा, तासाभरात किती पेशंट येतात ते मोजा. दवाखाना कॉलेजचा स्वतःचा आहे की दुसऱ्याशी करार आहे? आयसीयूत विद्यार्थ्यांना ड्यूटी मिळते का? न्यूरोचे पेशंट दाखल होतात का? फी किती ते शुल्क नियामक प्राधिकरणाच्या यादीतून बघा आणि कॉलेज तोंडी सांगेल त्याच्याशी ताडून घ्या. वसतिगृह, मेस वेगळं धरा. आणि भावाला एकट्याला तिथल्या शेवटच्या वर्षाच्या पोरांशी बोलू द्या, आपण बाहेर थांबा.