लेकीचा नंबर सहा महिन्यांत वाढला, रात्रीचे थेंब सुरू करावेत का?

रिकामी_खिडकी
मंडळी, डोकं पार भंजाळलंय म्हणून विचारतेय. लेक साडेसात वर्षांची, दुसरीत. फळ्यावरचं दिसत नाही हे तिने घरी कधी सांगितलंच नाही, बाईंनीच कळवलं की ही शेजारणीच्या वहीत बघून उतरवून घेते. मला आधी आळशीपणाच वाटला, ओरडले पण तिला, आता त्याचं वाईट वाटतं. चष्म्याच्या दुकानात मशीनवर तपासलं तर उजवा -१.५० आणि डावा -१.७५. चष्मा घालून बाहेर आली आणि म्हणते आई त्या खांबांना तारा आहेत!! म्हणजे इतके दिवस पोरीला तारा दिसतच नव्हत्या.

सहा महिन्यांनी परत त्याच दुकानात गेलो तर -२.२५ आणि -२.५०. घाबरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागद बघितला, डोळ्याची लांबी मोजली, म्हणाले बाबांचा नंबर -७ आहे, हिला इतक्या लवकर लागलाय, नंबर वाढायचा वेग कमी करायला रोज रात्री अ‍ॅट्रोपीन या औषधाचा एकेक थेंब सुरू करू, दोन-तीन वर्षं तरी. पुढच्या वेळी पूर्ण तपासणी करू म्हणाले.

सासूबाईंचं म्हणणं सतत चष्मा लावू नको, डोळ्यांना सवय लागते आणि नंबर चढतो. दुकानदार म्हणाला निळा फिल्टरवाली काच घ्या, नंबर थांबेल. आणि लेक म्हणते वर्गात ढापणी म्हणतात, मला नकोच. कोणाचं ऐकू?

जुना_ढापण्या
सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि माझी गोष्ट पण सांगा. मला पण लहानपणी हेच सांगितलं होतं, फक्त शाळेत लाव, घरी काढून ठेव. मी आज्ञाधारक पोरगा, काढून ठेवायचो. तरी नंबर -८.५ पर्यंत गेलाच. चष्म्याने नंबर वाढत नाही हो, डोळा वाढतो म्हणून नंबर वाढतो. चष्मा बिचारा आधी लागतो आणि नंबर नंतर वाढतो म्हणून बोल त्याला लागतो.

पुढे लेसर करून घेतलं, चष्मा गेला, मी खूश. मग डॉक्टर म्हणाले दरवर्षी डोळ्याच्या मागचा पडदा तपासायला यायचंच. म्हटलं का, नंबर तर गेला? तर म्हणे लेसरने पुढची काच तासली, मागे डोळा लांब तो लांबच राहिला. लांब डोळ्यात पडदा ताणून पातळ होतो, तो सुटायचा धोका जन्मभर. हे मला आठवीत कोणी सांगितलं असतं तर, असो.

ढापणीचं म्हणाल तर फ्रेम तिलाच निवडू द्या. मला काळी जाड निवडून दिली होती, अजून राग आहे.

भिंगरी
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळ्यांचा नंबर तपासणारी, लहान मुलंच जास्त बघते. ढापण्या यांनी मूळ मुद्दा बरोबर सांगितलाय. जन्मताना डोळा साधारण १७ मिमी लांब असतो, मोठेपणी २३-२४ च्या आसपास थांबतो. ऱ्हस्वदृष्टीत (म्हणजे मायनस नंबरात) तो थांबायच्या ऐवजी वाढत राहतो आणि लांबच्या वस्तूची प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच पडते. १ मिमी जास्त वाढला की ढोबळमानाने अडीच-तीन नंबर. आणि जितक्या लहान वयात सुरू तितकी वाढायला वर्षं जास्त मिळतात, म्हणून साडेसात वर्षांच्या मुलीबद्दल डॉक्टर घाई करतायत, ते उगाच नाही.

पण ताई एक विचारायचंय. दोन्ही वेळा नंबर दुकानात काढला म्हणताय, तर बाहुली मोठी करायचे थेंब घालून काढला का? नसेल तर मी दोन्ही आकड्यांवर फार विसंबणार नाही. या वयात डोळ्यातल्या स्नायूंचा जोर इतका असतो की मशीनसमोर बसलं की मूल नकळत जवळचं बघितल्यासारखा फोकस आवळतं आणि मायनस नंबर आहे त्यापेक्षा जास्त निघतो. थेंब घातले की स्नायू सैल पडतात आणि खरा नंबर कळतो. ते करून घ्या, मग थेरपीचं ठरवा. (हे थेंब तपासणीपुरते, रात्रीचे वेगळे, दोन्हींची गल्लत करू नका.)

निळ्या फिल्टरने नंबर थांबतो असा काही पुरावा नाही. आणि मुद्दाम कमी नंबरचा चष्मा देऊन बघायचा प्रयोगही झालाय, मलेशियात, २००२ मध्ये छापून आला. त्यात कमी नंबर दिलेल्या मुलांचा नंबर पूर्ण नंबरवाल्यांपेक्षा जास्त वाढला. त्यामुळे पूर्ण नंबर, आणि लावायचा.

उडाणटप्पू
एवढं कशाला? मोबाईल काढून घ्या, आपोआप थांबेल. आमच्या लहानपणी वर्गात एखादाच चष्मिस असायचा, आता अर्धा वर्ग. हे थेंब आणि स्पेशल काचा सगळा धंदा आहे.

भिंगरी
धंदा आहेच, नाही म्हणत नाही, पण म्हणून परिणाम खोटा ठरत नाही. आणि मोबाईल काढून हातात गोष्टीचं पुस्तक दिलं आणि पोर तेच वीतभर अंतरावरून तीन तास वाचत बसलं तर डोळ्याला फरक फारसा कळत नाही. जवळचं काम सलग किती वेळ आणि किती जवळून, हे महत्त्वाचं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे उजेड. घरात दिवे लावून पण ३००-५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) मिळतात, बाहेर दिवसा १०,००० च्या वर सहज. एवढ्या उजेडात पडद्यात डोपामिन नावाचं रसायन जास्त सुटतं आणि ते डोळ्याच्या वाढीला लगाम घालतं असं मानतात. चीनमध्ये ग्वांगझौला पहिलीच्या मुलांना शाळेतच रोज ४० मिनिटं जास्त बाहेर काढलं, तीन वर्षांनी त्यांच्यात चष्मा लागलेले साधारण ३०% आणि बाकीच्या शाळांत जवळपास ४०%. २०१५ चा अभ्यास आहे. तैवानमध्ये तर २०१० पासून शाळांना रोज १२० मिनिटांचं लक्ष्य दिलंय. गंमत म्हणजे बाहेर धावलंच पाहिजे असंही नाही, नुसतं उजेडात असलं तरी चालतं. पण हा फायदा चष्मा लागायच्या आधी जास्त दिसतो, लागल्यावर तेवढ्यावर भागेलच असं नाही. धाकटं भावंड असेल तर त्याला आत्तापासून बाहेर पिटाळा.

दोन_पोरांचा_बाप
आमच्याकडे थोरल्याचे थेंब चालू होऊन दोन वर्षं झाली, म्हणून लिहितो. नंबर -३ होता, आता -३.५० आहे. थेंब नसते तर किती झाला असता हे मला सांगता येणार नाही, दुसरा तसाच पोरगा नाही माझ्याकडे तुलनेला.

पहिले काही दिवस उन्हात डोळे मिचकवायचा, आणि अगदी जवळचं बारीक अक्षर पुसट दिसतं म्हणाला, नंतर तक्रार नाही. थेंब घालायला सुरुवातीला कुस्ती व्हायची, मग आम्ही तो झोपल्यावर घालायला लागलो, खालची पापणी हलकेच ओढून, निम्म्या वेळा उठत पण नाही. चुकून एखादा दिवस राहिला तर दुसऱ्या दिवशी डबल घालू नका.

अजून एक, थेंबांची ताकद नक्की विचारा. आम्हाला आधी ०.०१% दिलेले, नंतर बदलून ०.०५% केले. हाँगकाँगला तीन ताकदींची तुलना झाली त्यात ०.०५ सगळ्यात चांगलं निघालं, आणि ०.०१ चा अमेरिकेत २०२३ मधल्या एका ट्रायलमध्ये नुसत्या साध्या थेंबांपेक्षा काही फरक दिसला नाही. पण प्रत्येकाचे डॉक्टर वेगळं सांगतात, स्वतःच्या मनाने बदलू नका. अचानक बंद पण करू नका, जास्त ताकदीचे बंद केल्यावर नंबर उसळी मारू शकतो.

जुना_ढापण्या
@उडाणटप्पू आमच्या वर्गात एखादाच चष्मिस होता म्हणता ना, तो मीच. आणि माझ्या शेजारी बसून माझ्या वहीत बघणारे तीन जण होते, त्यांचे डोळे कोणी तपासलेच नाहीत :)

रिकामी_खिडकी
अपडेट. थेंब घालून परत तपासणी झाली. नंबर निघाला -१.७५ आणि -२.०० !! म्हणजे अर्धा नंबर खोटाच होता आणि आम्ही तोच डोळ्यावर चढवून फिरवत होतो. आता पहिला आकडा तरी खरा होता की नाही कोणास ठाऊक, त्यामुळे सहा महिन्यांत नक्की किती वाढला हे सांगताच येत नाही म्हणाले डॉक्टर. लांबी मात्र वयाच्या मानाने जास्तच आहे, २४.१ मिमी. तिच्या बाबांचा नंबर बघता रात्रीचे थेंब सुरू करायचं ठरलं, चार महिन्यांनी परत लांबी मोजायची. नवीन काचा आल्या, फ्रेम तिने निवडली, जांभळी, त्यावर तारे आहेत. सासूबाईंना ढापण्यांची गोष्ट वाचून दाखवली, काही बोलल्या नाहीत पण काल त्याच म्हणाल्या चष्मा कुठाय तुझा.

तपासणीच्या दिवशी बाहुल्या मोठ्या झालेल्या, बाईसाहेबांना उजेड सहन होईना आणि पुस्तकही दिसेना, दिवसभर नुसती चिडचिड.

भिंगरी ताई एकच शंका, उन्हात टोपी घातली तर चालते ना, की मग उजेडाचा उपयोगच नाही?

भिंगरी
चालते हो. टोपी घालून आणि झाडाखाली बसून पण घरातल्यापेक्षा कितीतरी पट उजेड मिळतो डोळ्याला. थेट सूर्याकडे बघू नको एवढं मात्र सांगून ठेवा तिला.