१९६९ ची शेव्हेल एसएस ३९६ पिकअप देत नाही. कार्बोरेटर बदलावा का?

शेव्हेल_६९ (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे १९६९ सालची शेव्हरोले शेव्हेल एसएस ३९६ आहे. इंजिन ३२५ हॉर्सपॉवरचे एल३५ आहे, त्यावर मूळचाच रॉचेस्टर क्वाड्राजेट कार्बोरेटर आहे आणि इग्निशन अजूनही पॉइंट-कंडेन्सरचे (जुन्या यांत्रिक स्विचवर ठिणगी पाडणारे) आहे. ॲक्सिलरेटर एकदम दाबला की इंजिन क्षणभर गुदमरते आणि मग सावकाश वेग घेते. गाडी तापल्यावर बंद केली, तर पुन्हा सुरू होताना बराच वेळ स्टार्टर फिरवावा लागतो. तापमानाचा काटाही पूर्वीपेक्षा वर राहू लागला आहे, जरी रेडिएटर आणि थर्मोस्टॅट दोन्ही नवे आहेत. टायमिंग लाइट लावून पाहिले, तर खूण टीडीसीच्या (पिस्टन सर्वांत वर पोहोचतो त्या बिंदूच्या) आधी ४ अंशांवर, म्हणजे पुस्तकात दिली आहे तिथेच येते. आयडलिंगला व्हॅक्यूम गेजचा (मॅनिफोल्डमधली हवेची ओढ मोजणाऱ्या मीटरचा) काटा १३ इंचांच्या आसपास असतो आणि अजिबात हलत नाही. क्वाड्राजेट काढून ८५० सीएफएमचा (मिनिटाला ८५० घनफूट हवा देणारा) होली कंपनीचा कार्बोरेटर बसवावा, असा सल्ला मला मिळाला आहे. खर्च करण्याआधी जाणकारांचे मत हवे आहे.

डिस्ट्रिब्युटर_आणि_दिवा

कार्बोरेटर बदलू नका, निदान आत्ता तरी नाही. ३९६ घन इंचांचे इंजिन मिनिटाला ५५०० फेऱ्यांना शंभर टक्के हवेने भरले असे धरले, तरी त्याला मिनिटाला साधारण ६३० घनफूट हवा लागते आणि तुमचा क्वाड्राजेट ७५० घनफुटांपर्यंत हवा देऊ शकतो. शिवाय तुमच्या मॅनिफोल्डवर पुढची दोन भोके लहान आणि मागची दोन मोठी आहेत, त्यामुळे चौकोनी बैठकीचा होली त्यावर अडॅप्टरशिवाय नीट बसणार नाही.

तुमच्या मजकुरातील सर्वांत मोलाची माहिती म्हणजे गेजचा तो न हलणारा काटा. एखादा व्हॉल्व्ह जळला असता, तर काटा ठरावीक लयीत खाली झटकला असता. काटा स्थिर आहे पण खाली आहे, तापमान वाढले आहे आणि पिकअप नाही, ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली की पहिला संशय ठिणगी उशिरा पडण्यावर घ्यावा. हवेची गळतीही असा काटा दाखवू शकते, म्हणून ब्रेक बूस्टरची नळी चिमटून काटा वर जातो का ते आधी पाहा आणि कार्बोरेटरच्या थ्रॉटल शाफ्टमध्ये खेळ आहे का तेही तपासा.

खूण ४ अंशांवर येते, मग ठिणगी उशिरा कशी, असे तुम्ही विचाराल. ज्या डॅम्परवर (क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या, कंपन शोषणाऱ्या चाकावर) ती खूण कोरलेली आहे, त्याचे बाहेरचे कडे आतल्या भागाला केवळ रबराने धरून ठेवलेले असते. इतक्या वर्षांत रबर सुटते, कडे सरकते आणि त्याबरोबर खूणही सरकते, त्यामुळे दिवा प्रामाणिकपणे चुकीचा आकडा दाखवत राहतो. म्हणून बॅटरीची तार काढा, सगळे स्पार्क प्लग काढा, पहिल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या जागी पिस्टन-स्टॉप (पिस्टनला वर जाताना अडवणारा खुंटा) बसवा आणि क्रँक हाताने, पान्याने हळूच फिरवून पिस्टन स्टॉपला टेकला की इंजिनावरच्या टायमिंगच्या स्थिर काट्यासमोर डॅम्परवर खडूने रेघ ओढा. मग उलट दिशेने फिरवून पुन्हा टेकला की दुसरी रेघ ओढा. या दोन रेघांचा बरोबर मध्य म्हणजे खरा टीडीसी. या कामासाठी स्टार्टर चुकूनही वापरू नका, पिस्टनला भोक पडेल.

खूण पक्की झाल्यावर आधी ड्वेल (पॉइंट किती अंश मिटलेले राहतात ते) आणि मगच टायमिंग, हा क्रम पाळा, कारण ड्वेल बदलले की टायमिंगही बदलते. तुमच्या डेल्को डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला छोटी खिडकी आहे. इंजिन चालू ठेवून तिच्यातून ॲलन पाना घाला, इंजिन मिसिंग मारू लागेपर्यंत स्क्रू घड्याळाच्या दिशेने फिरवा आणि तिथून अर्धा वेढा मागे घ्या, म्हणजे ड्वेल ३० अंशांच्या जवळ येते. मीटर असेल तर त्यावर पक्के करा. त्यानंतर व्हॅक्यूम ॲडव्हान्सची नळी काढून तिचे तोंड बंद करा आणि केवळ आयडलिंगचा आकडा न पाहता, साधारण ३००० फेऱ्यांना एकूण ॲडव्हान्स किती होतो, म्हणजे ठिणगी टीडीसीच्या किती अंश आधी पडते, ते मोजा. या इंजिनांना बहुधा ३४ ते ३८ अंश मानवतात, परंतु तुमचे कॉम्प्रेशन १०.२५ ला १ असे जास्त आहे, तेव्हा चढावर भार असताना खडखड ऐकू आली तर लगेच दोन अंश मागे या.

क्वाड्राजेटवाला

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. ॲक्सिलरेटर दाबताच गुदमरण्याचे कारण मात्र कार्बोरेटरमध्येही असू शकते आणि ते काहीही न उघडता तपासता येते. इंजिन बंद असताना एअर क्लीनर काढा, चोक उघडा धरा, आत पाहा आणि थ्रॉटल हाताने ओढा. पुढच्या दोन्ही भोकांत पेट्रोलच्या दोन ठसठशीत धारा त्याच क्षणी पडल्या पाहिजेत. थ्रॉटल थोडा फिरल्यानंतर धार सुरू होत असेल, तर ॲक्सिलरेटर पंपाचा कप कडक झाला आहे. जुन्या रबराला इथेनॉलमिश्रित पेट्रोल सोसत नाही, हे त्याचे नेहमीचे कारण असते.

दुसरी जागा म्हणजे मागच्या भोकांवरची एअर व्हॉल्व्हची झडप. ती एकदम उघडली तर हवा आधी येते, पेट्रोल मागून येते आणि गाडी बसते. तिचा वेग चोकजवळचा डायफ्रॅम आवरतो. त्याचा दांडा आत दाबा, नळीच्या तोंडावर बोट ठेवा आणि दांडा सोडा. तो आतच राहिला पाहिजे. हळूहळू बाहेर आला तर डायफ्रॅम फाटलेला आहे आणि मग स्प्रिंग कितीही आवळली तरी दोष जाणार नाही. डायफ्रॅम ठीक असेल, तर स्प्रिंगचा ताण टेकल्यापासून अर्धा ते पाऊण वेढा असा ठेवून पाहा.

तापलेली गाडी सुरू न होण्याबद्दल: एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरचा हीट रायझर व्हॉल्व्ह (थंड इंजिनात गरम धूर कार्बोरेटरखाली वळवणारी झडप) गंजून बंद स्थितीत अडकला आहे का ते पाहा. तो अडकला की गरम धूर कार्बोरेटरच्या खालून फिरत राहतो आणि फ्लोटच्या भांड्यातले पेट्रोल उकळते.

पाच_आणि_सात

एक छोटी भर. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-८-४-३-६-५-७-२ आहे, म्हणजे ५ आणि ७ हे शेजारचे सिलिंडर लागोपाठ पेटतात. त्यांच्या प्लगच्या तारा एकमेकींना चिकटून समांतर जात असतील, तर पाचची ठिणगी सातमध्ये उतरू शकते. त्या दोन तारा वेगळ्या ठेवा.

तेलाकडेही लक्ष असू द्या. या इंजिनाचा कॅमशाफ्ट चपट्या टॅपेटचा (त्यावर घासत चालणाऱ्या, रोलर नसलेल्या भागांचा) आहे आणि आजच्या साध्या कारांसाठीच्या पातळ तेलांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या रक्षणासाठी फॉस्फरस ८०० पीपीएमपर्यंतच (दहा लाख भागांत ८०० भाग) ठेवलेला असतो. चपट्या टॅपेटसाठी जस्त-फॉस्फरस जास्त असलेले तेल मिळते, तेच घ्या.

शेव्हेल_६९

सर्वांचे मनापासून आभार. पिस्टन-स्टॉप लावून पाहिले: डॅम्परचे कडे सुमारे ९ अंश सरकलेले निघाले, म्हणजे दिवा ४ अंश आधी दाखवत होता तेव्हा ठिणगी प्रत्यक्षात टीडीसीनंतर ५ अंशांवर पडत होती. खऱ्या खुणेवरून टायमिंग लावल्यावर काटा १८ इंचांवर आला आणि इंजिन थंड राहू लागले. गुदमरणे थोडे उरले आहे, पंपाची धार उशिरा येते, त्यामुळे पंपाचा कप बदलणार आहे. नवी खूण रंगवून हाच डॅम्पर चालवला तर चालेल का?

डिस्ट्रिब्युटर_आणि_दिवा

नाही. एकदा सरकलेले कडे पुन्हा सरकते आणि जास्त फेऱ्यांना निखळूही शकते, म्हणून तोवर इंजिन ताणू नका. नवा डॅम्पर घेताना तो ३९६ चाच आहे याची खात्री करून घ्या. ४५४ चा डॅम्पर दिसायला जवळचा असला, तरी त्या इंजिनाचा समतोल बाहेरून साधलेला असतो आणि तुमच्या इंजिनाचा आतूनच. तो चुकून बसला तर कंपनाने बेअरिंग जातील. बसवताना हातोडी न मारता स्क्रूच्या ओढणीच्या हत्याराने ओढून बसवा आणि बसल्यावर पिस्टन-स्टॉपने टीडीसी पुन्हा एकदा पडताळून पाहा.