मदत हवी आहे: जास्वंदीच्या काड्या पाण्यात काळ्या पडतायत, उरलेल्या कशा वाचवू?

नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. कोकणात मामाकडे विहिरीजवळ आजीने लावलेली डबल पाकळीची गुलाबी जास्वंद आहे, तिथे आता कंपाउंड घालणार म्हणजे झाड जाणार, म्हणून गणपतीला गेले तेव्हा ८ काड्या तोडून ओल्या फडक्यात गुंडाळून डोंबिवलीपर्यंत एसटीत मांडीवर घेऊन आले.

सेटअप एकदम फुकटातला. श्रीखंडाचा पांढरा डबा, खिळा गॅसवर तापवून झाकणाला ८ भोकं, एका भोकात एक काडी. ह्याच डब्यात मनीप्लांटला दहा दिवसात मुळं आली होती, भाजीवाल्याच्या जुडीतल्या पुदिन्याला तर आठवड्यात, म्हटलं जास्वंद पण येईल.

आज १९ वा दिवस. तीन काड्या खालून काळ्या, हाताला बुळबुळीत, पाण्याला गटारासारखा वास, फेकल्या. उरलेल्या पाचातल्या दोघींवर पाण्याखाली भिजलेल्या रव्यासारखे पांढरे दाणे आलेत, ही बुरशी का? नखाने खरवडू? पाणी चार-पाच दिवसांनी बदलते, डबा किचनच्या खिडकीत, दुपारी ३ नंतर कडक ऊन. पानं सगळी ठेवलीत, एकीला कळी पण आहे, काढायला जीव होत नाही. रूटिंग पावडर (मुळं लवकर फुटावीत म्हणून लावतात ती) लावली होती ती डब्यात बुडवताच धुऊन गेली, पैसे खरोखरच पाण्यात. आणि सासूबाई म्हणतात डेंग्यूच्या डासांची शेती मांडलीस.

प्रतिसाद १
खरवडू नका!! ती बुरशी नाही, सालीवरची श्वासाची छिद्रं पाण्याने फुगतात, जास्वंदीला हे होतंच. बुरशी कापसासारखी दिसते आणि बोट फिरवलं की निघते. कळी आजच खुडा, टोकाची दोन पानं ठेवा, मोठी असतील तर तीही अर्धी कापा. काळं झालेलं हिरवी साल लागेपर्यंत कापायचं, पेराच्या जरा खाली, स्वच्छ ब्लेडने. डबा उन्हातून हलवा, तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो मग सड लागते. पाणी रोज बदला आणि धीर धरा, हिला ३ ते ६ आठवडे लागतात, मनीप्लांटशी तुलना नको.

प्रतिसाद २
पाचही पाण्यात नका ठेवू हो ताई. दोन-तीन कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि वाळूत टोचा, वर बूड कापलेली बाटली, बूच काढून. पावडर तिथे कामी येईल. पाण्यातली मुळं इंचभर झाली की मातीत लावा, वीतभर व्हायची वाट बघितली तर लावताना कटाकट तुटतात. डासांचं म्हणाल तर अंडी ते डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, रोज पाणी बदललं की झालं, फक्त डब्याची आतली कड घासा, अंडी तिथेच चिकटलेली असतात.

धागाकर्ती
थँक्यू दोघांना. कळी खुडली, सासूबाई म्हणाल्या कळी देवाला वाहत नाहीत, म्हणून ती पण वाटीत, पाण्यातच. एक काडी कापत गेले तर आतून वरपर्यंत तपकिरी निघाली, म्हणजे आता चारच. दाणेवाल्या दोन पाण्यात ठेवल्यात, दोन कोकोपीटमध्ये. बाटली झाकलेली असताना रोज पाणी घालायचं का नुसता स्प्रे पुरे?