पासपोर्ट लिस्बनचा, घर केप्यात: नागरिकत्व का काढून घ्यायचं?

कुशावती

पोर्तुगीज राजवट संपली त्या १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मलेला माणूस, त्याची मुलं आणि नातवंडं पोर्तुगालचं नागरिकत्व मागू शकतात. लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात जन्माची नोंद लागली की पुढे पासपोर्टही निघतो. गोव्यात आमच्या साष्टी, केपे तालुक्यांत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. महाराष्ट्रातल्या मित्रांना मात्र दरवेळी पहिल्यापासून सांगावं लागतं, म्हणून एवढी प्रस्तावना.

आता मुद्दा. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ म्हणतं की स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपलं. त्यात नियमांनी आणखी पाचर मारून ठेवली आहे: परदेशी पासपोर्ट मिळवला, हाच स्वेच्छेचा निर्णायक पुरावा. निर्णायक म्हणजे उलट पुरावा द्यायची सोयच नाही.

अमेरिकेत हात वर करून शपथ घेणाऱ्या इंजिनियरला हे लावा, माझी हरकत नाही. त्याने नवा देश निवडला. केप्याच्या मुलीने काय निवडलं? आजोबा ज्या राजवटीत जन्मले, त्या राजवटीच्या दफ्तरातली नोंद तिने पुढे चालवली. लिस्बन म्हणतं, तू जन्मापासूनच आमची. दिल्ली म्हणते, तू काल आम्हाला सोडून गेलीस. अशा लोकांना दोन्ही नागरिकत्वं ठेवू द्यावीत आणि अट एकच घालावी: भारतात येताना आणि भारतातून जाताना फक्त भारतीय पासपोर्ट दाखवायचा. अमेरिका आपल्या दुहेरी नागरिकांना नेमकं हेच सांगते. तिच्या भूमीवर येता-जाता अमेरिकन पासपोर्टच लागतो, दुसरा खिशात असला तरी चालतो.

सदाशिवपेठी

अहो कुशावतीताई, आजोबांना विचारलं होतं की! २८ मार्च १९६२ चा गोवा, दमण आणि दीव नागरिकत्व आदेश वाचा. सगळ्यांना भारतीय नागरिक मानलं, आणि ज्यांना आधीचंच नागरिकत्व ठेवायचं आहे त्यांनी एका महिन्यात लेखी कळवावं, अशी मुभा दिली. आजोबांनी कळवलं नाही, म्हणजे त्यांनी भारत निवडला. आता नातू तो निर्णय फिरवतोय आणि वर म्हणतोय की मी काही निवडलंच नाही.

शिवाय हा वारसा एकदम जागा कधी झाला? पोर्तुगाल १९८६ मध्ये युरोपीय समुदायात गेला, त्यानंतर त्या पासपोर्टवर लंडनला, पॅरिसला राहायची, कमवायची सोय झाली. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या आठवणीने व्याकूळ होऊन कोणी अर्ज करत नाही. पोटासाठी गेलात, चांगलंच केलंत. पण पोटाचा प्रश्न वारशाच्या नावाने मांडू नका.

कुशावती

एक महिना! १९६२ साली, सांग्याच्या आतल्या गावात, राजपत्र कोणाच्या हातात पडलं असेल? आणि पोटासाठी गेले तर वारसा खोटा ठरतो का? रत्नागिरीची माणसं मुंबईला गिरण्यांत गेली ती काय हौसेने?

वकील_पणजी

दोघांचंही थोडं थोडं चुकतंय. पासपोर्ट निघाला की विषय संपला, इथवर कायदा स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये इझहार अहमद खान खटल्यात तो पुराव्याचा नियम वैध ठरवला. खरा घोळ पासपोर्टच्या आधीच्या टप्प्यावर आहे. ज्यांनी पासपोर्ट काढला नाही, फक्त जन्म नोंदवला, त्यांचं काय? पोर्तुगालच्या लेखी नोंद झाली म्हणजे नागरिक. आपल्याकडे शंका निघाली तर कलम ९(२) प्रमाणे निर्णय केंद्र सरकारचा. म्हणजे माणूस वर्षानुवर्षं मतदान करतो, रेशन घेतो, आणि मध्येच कोणीतरी तक्रार केली की फाइल उघडते. गोव्यात निवडणुकीच्या तोंडावर अशा तक्रारी कशा उगवतात ते इथल्या कोणालाही विचारा.

आणि कुशावतीताई, तुमच्या मागणीला आधार आपल्याच कायद्यात आहे, तो तुम्ही मांडलाच नाहीत. कलम ४(१अ): परदेशात जन्मलेलं, वंशाने भारतीय असलेलं मूल दुसऱ्या देशाचंही नागरिक असेल, तर सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत त्याने ते दुसरं सोडायचं. नाही सोडलं तर भारताचं जातं. याचा अर्थ तोपर्यंत दोन्ही आहेत हे कायद्याने गृहीत धरलं आहे.

न्यूजर्सीकरीण

माझं मत सरळ आहे, आम्हालाही द्या. गोव्याला वेगळा न्याय कशाला?

वाजपेयींनी जानेवारी २००३ मध्ये पहिल्या प्रवासी भारतीय दिवसाला दुहेरी नागरिकत्वाची घोषणा केली. त्याआधी परदेशस्थ भारतीयांसाठी सरकारने नेमलेल्या सिंघवी समितीनेही २००२ च्या अहवालात तशी शिफारस केली होती. प्रत्यक्षात हातात पडलं ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड. ते म्हणजे आयुष्यभराचा व्हिसा. मत नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. मार्च २०२१ च्या अधिसूचनेने तर वैद्यकीय प्रवेशाला ओसीआय मुलांना अनिवासी कोट्यापुरतंच ठेवलं. पुण्यात वाढलेली, मराठी शाळेत शिकलेली मुलं त्यात अडकली. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एवढंच केलं की त्या अधिसूचनेच्या आधी कार्ड मिळालेल्यांना वगळलं.

विमानतळावरचा घोळ तर विचारू नका. आमच्या ओळखीत आई अमेरिकन नागरिक, बाबा भारतीय, बाळ पुण्यात जन्मलं. जन्माने ते भारतीय. आजीच्या हौसेखातर बाळंतपण पुण्यात, आणि परत जायचं म्हणून वकिलातीतून बाळाचा अमेरिकन पासपोर्ट काढला. आता बाळाकडे परदेशी पासपोर्ट आहे, पण भारतात आल्याचा शिक्का नाही, व्हिसा नाही. येणार कुठून, ते आलंच नव्हतं! परदेशी नोंदणी कार्यालयातून निघण्याची परवानगी काढल्याशिवाय जाता येत नाही. तिकिटं पुढे ढकलली, बाबांची रजा संपली, ते एकटेच परतले.

सदाशिवपेठी

वहिनी, बाळाची गंमत वाटली, पण तो कागदपत्रांचा प्रश्न आहे, नागरिकत्वाचा नाही. परवानगीची खिडकी नीट चालवा, मिटलं. त्यासाठी घटनेचा पाया हलवायची गरज नाही.

माझा आक्षेप मताचा आणि निष्ठेचा आहे. ऑस्ट्रेलियाचं उदाहरण घ्या. २०१७ मध्ये तिथले उपपंतप्रधान बार्नबी जॉइस यांची खासदारकी गेली, कारण वडील न्यूझीलंडचे, म्हणून ते वंशाने न्यूझीलंडचेही नागरिक निघाले. त्यांनी अर्ज केला नव्हता, पासपोर्ट काढला नव्हता. तरी तिथल्या उच्च न्यायालयाने सांगितलं, दुसऱ्या देशाचा नागरिक संसदेत बसणार नाही. ताई, तुमचा 'मी काही निवडलंच नाही' हा युक्तिवाद तिथे टिकला नाही.

कुशावती

छान उदाहरण दिलंत, पण अर्धंच सांगितलंत. जॉइस यांचं ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व कोणी काढून घेतलं का? नाही. न्यूझीलंडचं सोडून त्यांनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोटनिवडणूक लढवली आणि जिंकली. मी तेच म्हणते आहे. उमेदवारीला बंदी घाला, मंत्रिपदाला घाला, लष्करात घेऊ नका. घरात राहायचा हक्क कशाला काढता? एवढी वर्षं खळखळ करणाऱ्या जर्मनीनेही २७ जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्व खुलं केलं.

स्विंडनचा_बाब

वरची चर्चा वाचून हसू आलं. आम्ही इथे ब्रिटनमध्ये तिसऱ्याच भानगडीत आहोत. माझ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट होता, मागाहून ब्रिटिशही घेतला. पोर्तुगाल दोन्ही चालवून घेतो. पण २५ फेब्रुवारी २०२६ पासून ब्रिटनने फास आवळला. ब्रिटिश नागरिक असाल तर ब्रिटिश किंवा आयरिश पासपोर्ट दाखवा, नाहीतर दुसऱ्या पासपोर्टमध्ये ब्रिटनमध्ये राहायच्या हक्काचा दाखला लागतो, नाहीतर विमान कंपनी तुम्हाला चढवायलाच तयार नसते. वर्षानुवर्षं पोर्तुगीज पासपोर्टवर ये-जा करणारी आपली माणसं आता घाईघाईने ब्रिटिश पासपोर्टचे अर्ज भरतात. दुहेरी नागरिकत्व असलं की प्रवास सोपा होतो हा भ्रम आहे. कुठल्या दारात कुठला दाखवायचा हे पाठ करावं लागतं.

भारतातून निघताना भारतीय आणि पोर्तुगीज असे दोन्ही पासपोर्ट जवळ बाळगणाऱ्यांना एक सांगतो. पोर्तुगीज काढून भारतीय परत न करता त्यावरच निघणारे खूप पाहिले. काउंटरवरची पोरगी विचारते, ब्रिटनचा व्हिसा कुठाय? मग दुसरा पासपोर्ट बाहेर येतो. पुढे इमिग्रेशनवाला तोच प्रश्न विचारतो, आणि तिथे तो बाहेर काढला की मेलात.

वकील_पणजी

बाबांचं बरोबर आहे. परकीय नागरिकत्व लपवून भारतीय पासपोर्ट मिळवला तर पारपत्र कायदा १९६७ प्रमाणे १ ते ५ वर्षं कैद आणि १० ते ५० हजार दंड. आणि नुसता परत न केलेला पासपोर्टही पुढे नडतो. ओसीआयसाठी तो परत केल्याचा दाखला मागतात. गोव्यात अनेकांचे पासपोर्ट कार्यालयाने स्वतःच रद्द केले, मग परत केल्याचा दाखला आणणार कुठून? लोक ना इथले राहिले ना ओसीआयचे. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राने रद्द केल्याचा दाखलाही चालेल असं सांगितलं, तेव्हा जरा वाट मोकळी झाली.

सदाशिवपेठी

म्हणजे वाट निघाली ना? ओसीआय घ्या, घरात राहा. अजून काय हवं?

कुशावती

पंचायतीच्या निवडणुकीत मत. गावातली टेकडी कोणाला विकायची, हे ठरवणाऱ्यांना निवडायचा हक्क. जमीन विकत घेऊन बंगला बांधणारा दिल्लीचा माणूस नाव नोंदवून आमच्या गावात मत देतो, आणि पिढ्यानपिढ्या तिथे राहिलेली मुलगी नाही, हे तुम्हाला बरोबर वाटतं का ते सांगा.

सदाशिवपेठी

बरोबर वाटतं. तो दिल्लीचा असला तरी एकाच देशाचा आहे. गाव बिघडलं तर त्याला पळायला लिस्बन नाही.

खाजन

मध्येच विचारतो, माफ करा. आईची नोंद लिस्बनला झाली आहे, पासपोर्ट काढलेला नाही, मतदार यादीत नाव आहे. एजंट म्हणतो काही होत नाही. वकीलसाहेब?

वकील_पणजी

एजंट तसंच म्हणणार. नोंदीचा कागद आणि आईचा भारतीय पासपोर्ट घेऊन एखाद्या वकिलाला दाखवा, आणि तोवर पोर्तुगीज पासपोर्टचा अर्ज करू नका.