नॅनो-औषधं आणि लिव्हर: काचेच्या ताटलीतल्या चाचणीवर किती विसंबायचं?

राजेंद्रनगरकर:
२०२१ मध्ये म्युकरमायकोसिसची, म्हणजे काळ्या बुरशीची, साथ आली आणि इंदूरच्या घराघरांत 'लायपोसोमल' हा शब्द पोचला. एम.वाय. या सरकारी रुग्णालयात वॉर्ड भरलेले, आणि नातेवाईक अँफोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधासाठी गावभर वणवण करत होते. माझा भाऊ तेव्हा एका खासगी दवाखान्यात होता. हे इंजेक्शन म्हणजे चरबीच्या अतिसूक्ष्म पिशव्यांत भरलेलं औषध, म्हणजे नॅनोकणच, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. साधं दिलं की लायपोसोमल, तेही डिस्चार्जच्या कागदावर नव्हतं.

तेव्हापासून मी या विषयावर वाचतो आहे. शिरेतून दिलेला कण साधारण ६ नॅनोमीटरपेक्षा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) मोठा असेल तर मूत्रपिंड त्याला गाळून बाहेर टाकू शकत नाही. रक्तातली प्रथिनं त्याला चिकटतात आणि लिव्हरमधल्या कुप्फर पेशी त्याला गिळतात. २०१६ च्या एका शास्त्रीय आढाव्यात लिव्हरमध्ये अडकणाऱ्या कणांचं प्रमाण ३० ते ९९ टक्के दिलं आहे. औषध ट्यूमरसाठी असो की फुप्फुसासाठी, मोठा वाटा लिव्हरकडे जातो.

थोरोट्रास्ट आठवा. १९३० ते १९५० च्या दशकांत एक्स-रेसाठी थोरियम डायऑक्साइडचे कण शिरेतून देत. ते लिव्हर आणि प्लीहेत कायमचे बसले, आणि दोन-तीन दशकांनी लिव्हरचे कर्करोग दिसू लागले. इंजेक्शन दिलं त्या आठवड्यात सगळं ठीकच होतं ना! म्हणून माझं ठाम मत आहे: जे कण शरीरात विरघळत नाहीत, त्यांना लिव्हरचा अनेक वर्षांचा हिशेब मांडल्याशिवाय 'सुरक्षित' म्हणू नये.

फार्मसीवाली:
काका, भावाच्या आजारपणात तुमचे हाल झाले याचं वाईट वाटतं, पण थोरोट्रास्टचं उदाहरण इथे बसत नाही. थोरियम किरणोत्सारी आहे. त्याच्या अल्फा किरणांनी वर्षानुवर्षं पेशी भाजल्या. कण लहान होता हा मुख्य दोष नव्हे.

आणि तुम्ही म्हणता ते लायपोसोमल इंजेक्शन कशासाठी आलं? साधं अँफोटेरिसिन किडनीवर इतकं जड पडतं की रोज किलोमागे १ मिलिग्रॅमच्या आसपास थांबावं लागतं. लायपोसोमल ५ मिलिग्रॅमपर्यंत देता येतं. किडनी वाचते, बुरशी मरते. पॅटिसिरान हे २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं औषध पाहा: मेदकणांत भरलेलं आरएनए मुद्दाम लिव्हरच्याच पेशींत पोचवतात, कारण ट्रान्सथायरेटिन हे रोगट प्रथिन मुख्यतः तिथेच तयार होतं. लिव्हर कण ओढून घेतं, म्हणूनच ते औषध चालतं.

गरोदर बायकांना रक्त कमी म्हणून सलाइनमधून आयर्न सुक्रोज देतात, तेही नॅनो आकाराचंच. माझ्या काउंटरवर हा धागा वाचून कुणी 'नॅनो आहे, नको' म्हणालं, तर बाळंतपणात तिचं काय होईल याचा विचार करा.

रामबागची सून:
मी शास्त्राची नाही. आमच्याकडे एकांनी 'लिव्हर शुद्ध करायला' म्हणून चांदीच्या पाण्याची बाटली आणली आहे, रोज एक झाकण घ्या म्हणे. तेही हेच का?

पेशीशाळा:
वहिनी, ती बाटली बाजूला ठेवा. चांदीच्या कणांतून चांदीचे आयन सुटतात. लिव्हरच्या पेशींत त्यांचं रक्षण करणारं ग्लुटाथायोन घटतं, पेशींना इजा करणारा ऑक्सिडेटिव्ह ताण वाढतो, पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकाँड्रिया बिघडतात. प्रयोगशाळेत हे पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने १९९९ मध्येच सांगितलं की विनाचिठ्ठीच्या औषधांत असली चांदी सुरक्षित आणि परिणामकारक मानता येत नाही. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांची कातडी निळसर-करडी पडते आणि तो रंग पुन्हा जात नाही.

आता मूळ वादाबद्दल. मी लिव्हरच्या पेशींवर काम करतो, आणि तुम्हा दोघांनाही थोडं अडवतो. कण लिव्हरला घातक आहे का, हे तपासणाऱ्या बहुतेक शोधनिबंधांत काचेच्या ताटलीत वाढवलेल्या हेप-जी-टू नावाच्या पेशी असतात. त्या लिव्हरच्या गाठीतून आल्या आहेत. औषधं मोडणारी सायटोक्रोम एन्झाइम्स त्यांच्यात फार कमी असतात, आणि ज्या कण गिळतात त्या कुप्फर पेशी ताटलीत नसतातच. वर २४ किंवा ४८ तासांत निकाल. शिवाय किती पेशी जिवंत आहेत हे सांगणारी एमटीटी चाचणी रंगावर चालते, आणि काही धातूचे कण त्या रंगातच ढवळाढवळ करतात. मेलेल्या पेशी जिवंत भासू शकतात. उलट बाजूने, जड कण तळाशी साचून पेशींवर इतका मारा करतात की शरीरात तेवढा कधी होणारच नाही.

म्हणून ताटलीचा निकाल दाखवून घाबरवू नका, आणि त्याच निकालावर निश्चिंतही होऊ नका. आकार, वरचं आवरण, विद्युतभार, किती दिवस टिकतो, हे प्रत्येक कणाचं वेगळं असतं. धनभारित कण पेशीचं आवरण जास्त फाडतात. 'नॅनो' म्हणून सरसकट काही बोलणंच चूक आहे.

फार्मसीवाली:
हे पटलं. लोहाच्या कणांतलं लोह शरीर वापरून टाकतं, मेदकण पचतात. सोन्याचं तसं नाही, ते लिव्हरमध्ये रेंगाळतं. तिथे काकांची मागणी रास्त आहे. पण आपल्याकडे नियमच नाहीत असं समजू नका, नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वं २०१९ मध्ये केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने काढली आहेत.

राजेंद्रनगरकर:
तत्त्वं आहेत, पण ती मंजुरीच्या टेबलावर. माझा प्रश्न त्यानंतरचा आहे. पाच वर्षांनी एखाद्याचं एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढलेलं निघालं, तर त्याला पूर्वी कोणता कण दिला होता हे डॉक्टरला कुठून कळणार? कागदावर 'इंजेक्शन दिले' एवढंच असेल तर शोध घेणार कशाचा?

फार्मसीवाली:
कागदावर प्रकार, मात्रा आणि बॅच नंबर लिहिलाच पाहिजे, यावर वाद नाही. पण लायपोसोमलला संशयित म्हणून उभं करणं मला अजूनही मान्य नाही. साथ पुन्हा आली तर मी तेच इंजेक्शन मागेन, माझ्या घरच्यांसाठीसुद्धा.