मदत हवी आहे: तारखेवरून तिमाही काढताना एक्सेल गोंधळ घालतंय

पोफळी
कळंगुटच्या एका गेस्टहाउसचं बुकिंग रजिस्टर आहे. ए रकान्यात चेक-इन, बी मध्ये चेक-आउट, सी मध्ये रक्कम. १,४०० ओळी, सीएसव्हीतून (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) आलेल्या. डी मध्ये हे टाकलंय:
=राउंडअप(मंथ(ए२)/३,०)
(इथे देवनागरीत लिहिलंय, शीटमध्ये अर्थात रोमनमध्येच आहे.)
काही ओळींत तिमाहीच्या जागी ०३-०१-१९०० दिसतं, बऱ्याच ओळींत #व्हॅल्यू! येतं, आणि ०५/०७/२०२४ चं बुकिंग तिसरीऐवजी दुसऱ्या तिमाहीत पडतं. शिवाय मालकांना जानेवारी-डिसेंबर हवंय, सीएंना एप्रिल-मार्च.

सेल_ए१
सूत्र बरोबर आहे. एक्सेल तारखा जानेवारी १९०० पासूनचे दिवस मोजून ठेवतं, त्यामुळे ०३-०१-१९०० म्हणजे उत्तर ३ च आलंय, सेलचा फॉरमॅट तेवढा तारखेचा राहिलाय. होम टॅबवर जनरल करा.

बाकीच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच. सीएसव्ही डबल-क्लिक करून उघडली असणार आणि संगणकाचं रीजन अमेरिकेचं असणार, म्हणजे महिना आधी. ०५/०७ ची ७ मे झाली. २५/०७ ला पंचविसावा महिना नसल्यामुळे ते मजकूर म्हणूनच राहिलं, डावीकडे चिकटलेलं. त्याचीच #व्हॅल्यू! येते. खरा धोका एरर न देणाऱ्या ओळींचा: प्रत्येक महिन्याच्या पहिल्या १२ तारखा गुपचूप उलटतात. म्हणून आहे तीच शीट दुरुस्त करत बसू नका. कोऱ्या वर्कबुकात डेटा → फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही → ट्रान्सफॉर्म डेटा. आपोआप आलेली ‘चेंज्ड टाइप’ पायरी उडवा, मग दोन्ही तारखांच्या रकान्यांवर राइट-क्लिक, चेंज टाइप → युजिंग लोकेल → डेट, इंग्लिश (इंडिया). लोड झाल्यावर =काउंट(ए:ए) करा, ते मजकूर सोडून फक्त खऱ्या तारखा मोजतं. १,४०० आले पाहिजेत.

माडाची_सावली
सीएंसाठी तीन महिने मागे सरकवा:
=राउंडअप(मंथ(ईडेट(ए२,-३))/३,०)
वर्ष =इयर(ईडेट(ए२,-३)). १५ फेब्रुवारी २०२५ ला तिमाही ४ आणि वर्ष २०२४, म्हणजे २०२४-२५. वर्षाचा रकाना हवाच, नाहीतर दोन वर्षांच्या तिमाह्या एकत्र बेरीज होतात. पिव्होट टेबलच्या (एक्सेलच्या गोषवारा तक्त्याच्या) ग्रुपिंगवर विसंबू नका, त्यातली तिमाही जानेवारीपासूनच धरतात.

रिकाम्या सेलचंही बघा. तुमचं पहिलं सूत्र तिथे एक्सेलमध्ये १ देतं, गूगल शीट्समध्ये ४, कारण रिकामा सेल शून्य धरला जातो आणि शून्य म्हणजे एकाकडे जानेवारी १९००, दुसऱ्याकडे ३० डिसेंबर १८९९. इफ(ए२="","",…) मध्ये गुंडाळा.

सेल_ए१
आणखी एक, गोव्यात हे दरवर्षी येणारच: ३० डिसेंबरला चेक-इन, ३ जानेवारीला चेक-आउट. चेक-इनवरून मोजलं तर चारही रात्री डिसेंबरात जातात. एच१ मध्ये तिमाहीचा पहिला दिवस (१ ऑक्टोबर २०२४), एच२ मध्ये पुढच्या तिमाहीचा पहिला दिवस (१ जानेवारी २०२५) लिहा, आणि:
=मॅक्स(०,मिन(बी२,$एच$२)-मॅक्स(ए२,$एच$१))
उत्तर २. उरलेल्या २ पुढच्या तिमाहीत. बाहेरचा मॅक्स(०,…) विसरलात तर इतर तिमाहींच्या बुकिंगांना उणे रात्री येतील. रक्कमही अशी विभागायची की बिलाच्या तारखेवर टाकायची, हे मात्र सीएंना विचारा.

पोफळी
पुन्हा इंपोर्ट केलं. काउंट १,३९८. उरलेल्या दोन ओळींत तारखेच्या जागी कुणीतरी ‘कॅन्सल’ लिहून ठेवलंय. देव बरें करूं.