इलेक्ट्रॉनिक्स शिकण्यासाठी पहिला संच कोणता घ्यावा? मदत हवी आहे

नमस्कार. माझी मुलगी आठवीत असून तिला इलेक्ट्रॉनिक्सची मनापासून ओढ लागली आहे. मागच्या महिन्यात आणलेल्या एका स्वस्त संचातील ब्रेडबोर्डची (सोल्डर न करता भाग व तारा खोचून जोडण्याच्या पट्टीची) छिद्रे इतकी सैल होती, की तारेला हात लागताच दिवा विझत असे. आणि रेझिस्टर (प्रवाह मर्यादित ठेवणारा भाग) न लावता ९ व्होल्टची बॅटरी थेट जोडल्याने एक लाल एलईडी क्षणभर झगझगून कायमचा गेला. त्यानंतर ४७० ओहमचा रेझिस्टर मध्ये घालून तिने स्वतः दुसरा एलईडी लावला, तेव्हाचा तिचा चेहरा पाहून मला हा प्रश्न विचारावासा वाटला.

आता आर्डुइनो उनोचा (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डचा) तयार संच घ्यावा, की आधी ५५५ टायमर (ठरावीक वेळेने संकेत देणारी चिप), ट्रान्झिस्टर, कपॅसिटर असे सुटे भाग आणि एक साधा मल्टिमीटर घेऊन पाया पक्का करावा? प्रोग्रॅमिंगच्या आधी विद्युतप्रवाह समजावा, असे माझे मत आहे. मात्र अनुभवी मंडळींचे मत मला मोलाचे वाटते. आम्ही पुण्यात राहतो, त्यामुळे सुटे भाग बुधवार पेठेतून आणता येतील. सोल्डरिंग (धातू वितळवून भाग कायमचे जोडणे) या वयात सुरू करावे का, हेही कृपया सांगावे. खर्चाची मर्यादा २,००० रुपये आहे.